निर्गुडीच्या पाल्याने सांधेदुखी खरंच थांबते का, हे तपासायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी पुण्यात एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. माझी आजी मुळशीकडची. गुडघे सुजले की ती निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधते आणि तिला आराम पडतो. मला निर्गुडीच्या वेदनाशामक आणि सूज उतरवणाऱ्या गुणांवर प्रबंध करायचा आहे. वाळलेल्या पानांचा मेथनॉल अर्क काढून प्राण्यांना तोंडावाटे 100, 200 आणि 400 मिग्रॅ प्रतिकिलो द्यायचा, कॅराजीनन (सुजेची) आणि रायदिंग (वेदनेची) या दोन चाचण्या घ्यायच्या, असा आराखडा आहे. एवढं पुरेल का? आणि दोन महिन्यांत होईल का?"

हा आराखडा मंजूर व्हायला काही अडचण येणार नाही. पण त्यातून आजीच्या गुडघ्याबद्दल काहीच कळणार नाही. आजी ताजा पाला घेते, तुम्ही वाळलेला घेणार. ती तो गरम करते, तुम्ही मेथनॉलमध्ये भिजवणार. ती बाहेरून बांधते, तुम्ही पोटात देणार. उत्तर "हो" आलं तरी आजीच्या उपायाला त्यातून पुरावा मिळत नाही, आणि "नाही" आलं तरी तिचा उपाय खोटा ठरत नाही. वनस्पती तीच आहे, पण औषध वेगळं आहे.

शिवाय पोटातून दिलेल्या निर्गुडीवर आधीच पुष्कळ काम झालेलं आहे. श्रीलंकेतल्या संशोधकांनी 2003 साली पूर्ण वाढलेल्या ताज्या पानांचा पाण्यातला अर्क रॅटना (मोठ्या उंदरांना) तोंडावाटे देऊन वेदना आणि सूज दोन्ही कमी होतात असं दाखवलं. त्यांनी निदान ताजं पान आणि पाणी घेतलं होतं. त्यानंतर आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांत वेगवेगळ्या सॉल्व्हंटचे अर्क, त्याच तीन मात्रा आणि त्याच दोन चाचण्या असे प्रबंध होत राहिले. त्यात आणखी एकाची भर घालण्यापेक्षा आजी जे करते तेच तपासा. माझं सगळं उत्तर या एका सल्ल्याभोवती आहे.

आता आजी नेमकं काय करते ते पाहू. पाला गरम असतो, म्हणजे शेक मिळतो. शेकाने त्या भागातला रक्तपुरवठा वाढतो, आखडलेले स्नायू सैल होतात आणि त्वचेतल्या उष्णतेच्या संवेदनेमुळे दुखण्याची जाणीव दबते. हे निर्गुडीशिवायही घडतं. वर फडकं घट्ट बांधलं की सांध्याला आधार मिळतो आणि सूज थोडी दाबली जाते. बांधल्यावर आजी तासभर पाय लांब करून बसते, म्हणजे गुडघ्याला विश्रांती मिळते. आणि नात शेजारी बसून पाला बांधून देते, त्याचाही गुण असतो. पानातलं रसायन या सगळ्यानंतर येतं. तुमचं काम म्हणजे या ढिगातून त्या रसायनाचा वाटा वेगळा काढणं.

त्यासाठी नियंत्रण गट नीट निवडावा लागेल. "काहीच न केलेला गट" इथे निरुपयोगी आहे. दुसऱ्या गटाला तेवढाच गरम, तेवढाच वेळ, तसाच बांधलेला पण निर्गुडीचा नसलेला पाला हवा. केळीचं पान चालेल. पाल्याचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने दर वेळी मोजा आणि त्वचेला लावताना 40 ते 42 अंशांच्या आत ठेवा. मधुमेहामुळे ज्यांच्या पायाची संवेदना कमी झाली आहे त्यांना चटका कळत नाही आणि फोड येतात. त्यामुळे ही मर्यादा माणसांवर काम करताना कडक पाळायची.

पालखी पुण्यात मुक्कामी असते तेव्हा नाना पेठ, भवानी पेठेत मंडळांची मुलं वारकऱ्यांचे पाय तेलाने चोळून देतात. दुसऱ्या दिवशी पाय हलके झालेले असतात. ते तेलाने झालं, चोळण्याने झालं की रात्रभराच्या झोपेने, हे तिथे कुणी विचारत नाही आणि विचारायचं कारणही नाही. प्रबंधात मात्र तोच प्रश्न आहे.

वनस्पतीपासून सुरुवात करा. निर्गुडी म्हणजे व्हायटेक्स निगुंडो. पानाला तीन ते पाच पर्णिका, खालची बाजू राखाडी-पांढरट, फुलं निळसर-जांभळी, चुरगळलं की उग्र वास. मधली पर्णिका सर्वांत मोठी आणि तिला स्वतःचा देठ असतो. हिची बहीण व्हायटेक्स ट्रायफोलिया, तिच्या पर्णिकांना देठ नसतो. बागांमध्ये आणि कुंपणाला तीही लावलेली असते, आणि फुलं नसताना भले भले फसतात. म्हणून फुलांसकट फांदी तोडा, दाबून वाळवा, शीटवर लावा आणि कोरेगाव रोडवरच्या बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा आघारकर संशोधन संस्थेत ओळख पटवून घ्या. नमुना तिथल्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जमा करून त्याचा क्रमांक मिळवा. मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून वाळका पाला आणून "प्रमाणित" असं लिहू नका. त्या पोत्यात किती गावांचा आणि किती महिन्यांचा माल आहे हे दुकानदारालाही सांगता येत नाही.

निर्गुडी ओढ्याकाठी वाढते, पण शहरातल्या मुळा-मुठेच्या काठचा पाला घेऊ नका. त्या पाण्यात काय काय सोडलं जातं ते आपण सगळे जाणतो, आणि जड धातू पानात उतरले तर तुमचा निष्कर्ष निर्गुडीचा राहणार नाही. आजी जिथून पाला तोडते तिथलाच घ्या. पूर्ण वाढलेली पानं, एकाच दिवशी, एकाच जागची. तारीख, वेळ आणि जागा वहीत लिहा. बियांवरचे निष्कर्ष पानांना लावू नका. बियांमधल्या फ्लॅव्होनॉइडयुक्त अंशाचे नर प्राण्यांच्या प्रजननक्षमतेवर झालेले परिणाम नोंदवलेले आहेत, पण पानांचा हिशेब वेगळा आहे.

पानात काय असतं? उडून जाणारं सुगंधी तेल, ॲग्नुसाइड आणि निगुंडोसाइड ही इरिडॉइड ग्लायकोसाइडं, आणि कॅस्टिसिनसारखी फ्लॅव्होनॉइडं. आजी पाला गरम करते तेव्हा घरभर जो वास पसरतो ते सुगंधी तेल. उन्हात किंवा ओव्हनमध्ये पान वाळवलं, मग अर्क रोटरी एव्हॅपोरेटरवर आटवला, की त्यातला बराच भाग उडून जातो. त्वचेतून आत शिरायची क्षमता याच लहान, चरबीत विरघळणाऱ्या रेणूंची जास्त असते. म्हणजे बाहेरून लावण्यात जे कामाचं असू शकतं तेच तुमच्या आराखड्यात सगळ्यात आधी हरवतं. वाळवायचंच असेल तर सावलीत वाळवा, आणि ताज्या व वाळलेल्या पानांची एचपीटीएलसी (अर्कातली रसायनं पट्ट्यांसारखी वेगळी करून दाखवणारी चाचणी) शेजारीशेजारी काढा. फरक डोळ्यांनी दिसेल.

प्राण्यांवर गरम पाला बांधणं जमणार नाही. मधला मार्ग आहे आणि तोही परंपरेतलाच आहे: निर्गुडी तेल. तेलपाकाचं प्रमाण शार्ङ्गधरांच्या नियमाने कल्क (वाटलेला लगदा) 1 भाग, तेल 4 भाग, द्रव 16 भाग. ताज्या पानांचा कल्क आणि स्वरस (पिळून काढलेला रस) घेऊन तिळाच्या तेलात मंद आचेवर शिजवा. पाक झाला हे ओळखायची शास्त्रातली खूण आजही उत्तम चालते. तळाचा कल्क बोटांत वळला की त्याची वात व्हायला हवी, ती विस्तवात टाकल्यावर चटचट आवाज न होता जळायला हवी, आणि तेलावर फेस यायला हवा. चटचट आवाज म्हणजे पाणी शिल्लक आहे.

नियंत्रणासाठी नुसतं तिळाचं तेल घेऊ नका. तेवढंच तेल, तेवढंच पाणी, तेवढाच वेळ, तीच आच, फक्त निर्गुडी नाही, असं रिकामं तेल शिजवा. तेल तासन् तास तापलं की ते स्वतःच बदलतं. तो बदल दोन्ही गटांत सारखा असला पाहिजे. ही एवढी एक गोष्ट केलीत तरी तुमचा प्रबंध वेगळा उठून दिसेल.

आता चाचण्या. बाहेरून लावायच्या औषधासाठी सुरुवात माइसच्या (लहान उंदरांच्या) कानापासून करा. एका कानाला क्रोटन तेल लावून सूज आणायची, त्यावर औषध लावायचं, काही तासांनी दोन्ही कानांतून सारख्या मापाचे गोल तुकडे काढून वजन करायचं. दोन वजनांतला फरक म्हणजे सूज. मोजमाप स्वच्छ असतं आणि औषध फार कमी लागतं.

मग कॅराजीनन. विन्टर आणि सहकाऱ्यांनी 1962 साली मांडलेली ही चाचणी अजून टिकून आहे, कारण ती सूज टप्प्याटप्प्याने उलगडून दाखवते. 1 टक्का कॅराजीननचं 0.1 मिली रॅटच्या मागच्या पायाच्या तळव्यात टोचतात. पहिल्या तास-दीड तासात हिस्टामिन आणि सेरोटोनिन, मग किनिन, आणि साधारण अडीच तासांनंतर प्रोस्टाग्लँडिन अशी रसायनांची पाळी लागते. तुमचं तेल पहिल्या तासातच सूज कमी करतंय की तिसऱ्या तासानंतर, यावरून ते कुठे काम करतंय याचा अंदाज येतो. नुसता तिसऱ्या तासाचा आकडा देणारे प्रबंध ही सगळी माहिती वाया घालवतात. तुलनेला डायक्लोफेनॅकचं जेल ठेवा. औषध बाहेरून लावताय, तर तुलनेचं औषधही बाहेरूनच हवं.

इथे एक अडचण पुस्तकात सहसा लिहिलेली नसते. रॅट पाय चाटतो. तेल लावून पिंजऱ्यात सोडलंत की पाच मिनिटांत ते त्याच्या पोटात गेलेलं असतं आणि तुमची चाचणी पुन्हा तोंडावाटेची होते. लावल्यावर काही वेळ प्राणी हातात धरून ठेवावा लागतो किंवा मानेला कॉलर घालावी लागते. कॉलरचा त्रास होतो, म्हणून ती सगळ्या गटांना सारखी घाला आणि आधी एक-दोन दिवस सवय करा.

पायाचं आकारमान मोजताना घोट्याच्या सांध्याशी पक्क्या शाईची रेघ ओढा आणि दर वेळी पाय प्लेथिस्मोमीटरच्या पाण्यात त्या रेघेपर्यंतच बुडवा. रेघ अर्धा मिलिमीटर वरखाली झाली तरी औषधाच्या परिणामाएवढा फरक पडतो. पाय पुसून घ्या, प्राणी शांत होऊ द्या, लागोपाठ तीन वाचनं घेऊन सरासरी काढा. मोजणारी व्यक्ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच हवी, आणि कोणता प्राणी कोणत्या गटातला हे तिला माहीत नसावं. बाटल्यांवर मैत्रिणीकडून सांकेतिक खुणा घालून घ्या. निर्गुडीचा वास लपत नाही, म्हणून तेल लावणारी एक आणि मोजणारी दुसरी अशीच विभागणी करा.

रायदिंगबद्दल माझं मत कडक आहे. पोटात ॲसिटिक ॲसिड टोचल्यावर माइस अंग ताणून पोट आत ओढतो आणि मागचे पाय पसरतो, ते मोजायचं. चाचणी सोपी आहे आणि जवळजवळ कशानेही "सकारात्मक" येते: गुंगी आणणारी, स्नायू शिथिल करणारी, ॲलर्जीवरची औषधंसुद्धा त्यात वेदनाशामक ठरतात. बाहेरून लावायच्या तेलासाठी तर ती पूर्ण गैरलागू आहे. त्याऐवजी फॉर्मॅलिन चाचणी घ्या. पंजात टोचल्यावर पहिली पाच मिनिटं प्राणी पाय चाटतो, तो मज्जातंतूंच्या थेट चेतनेमुळे. मग थोडी शांतता, आणि 15 ते 30 मिनिटांच्या दरम्यान पुन्हा चाटणं सुरू होतं, त्यात सुजेचा भाग मोठा असतो. मॉर्फिनसारखी औषधं दोन्ही टप्पे दाबतात, डायक्लोफेनॅकसारखी मुख्यतः दुसरा. सोबत रोटारॉड (फिरत्या दांडीवर प्राणी तोल सांभाळतो का ती चाचणी) जरूर ठेवा. प्राणी गुंगीमुळे हालचाल करत नसेल तर त्याला वेदना कमी झाली असं आपण लिहून बसतो.

अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचं "प्रोटीन डीनेचरेशन" आणि डॉकिंगची (रेणू प्रथिनाला कसा चिकटेल याची संगणकावरची) रंगीत चित्रं यांनी प्रबंध जाड होतो, त्यापलीकडे काही होत नाही. पेशींवर काम करायचं असेल तर गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आरएडब्ल्यू 264.7 (उंदराच्या रोगप्रतिकारक) पेशी मिळतात. एलपीएस हे जिवाणूंतलं, पेशींना चेतवणारं द्रव्य देऊन सुजेत वाढणारं नायट्रिक ऑक्साइड मोजा, पण त्याच मात्रेवर एमटीटी चाचणी करून पेशी जिवंत आहेत ना ते आधी पाहा. मेलेल्या पेशीही नायट्रिक ऑक्साइड बनवत नाहीत.

मार्गदर्शक तोंडावाटेचा एक गट ठेवाच म्हणाले, तर 100-200-400 ही मात्रा कुठून आली ते आधी विचारा. हिशेब करून दाखवते. समजा 60 किलोचा माणूस दिवसाला 6 ग्रॅम चूर्ण घेतो. म्हणजे 100 मिग्रॅ प्रतिकिलो. शरीराच्या पृष्ठफळाच्या हिशेबाने रॅटसाठी 6.2 ने गुणायचं: 620 मिग्रॅ चूर्ण. अर्काचा उतारा 12 टक्के असेल तर सुमारे 74 मिग्रॅ अर्क प्रतिकिलो. आता उलटं करा. रॅटला 400 मिग्रॅ अर्क दिला तर माणसाला रोज सुमारे 32 ग्रॅम चूर्ण खावं लागेल. एवढं कुणी खात नाही. त्या मात्रेवर सूज उतरली तर तो निष्कर्ष घेऊन वैद्याने काय करायचं? 74 च्या खाली-वर दोन मात्रा ठेवा आणि हा हिशेब प्रबंधात छापा.

गटात सहा प्राणी ही प्रथा आहे, गणित नाही. छोट्या प्राथमिक प्रयोगातून विचलन काढा, सांख्यिकीच्या माणसाकडे बसा आणि संख्या ठरवा. दर तासाला वेगळी टी-टेस्ट लावू नका. पूर्ण वक्राखालचं क्षेत्रफळ किंवा पुनरावृत्त मापनांचं विश्लेषण घ्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठीच्या एआरआरआयव्हीई मार्गदर्शिकेची 2020 ची आवृत्ती समोर ठेवून आराखडा लिहा, लेख लिहितानाच उघडू नका. आयएईसीची (संस्थेच्या प्राणी नैतिक समितीची) मंजुरी मिळाल्याशिवाय एकही प्राणी हातात घ्यायचा नाही, प्राथमिक प्रयोगासाठीसुद्धा.

खरी परीक्षा अर्थात माणसांवरच होणार, आणि त्यासाठी पुण्यासारखी जागा नाही. सांधेदुखीवरच्या आयुर्वेदीय औषधांची एक मोठी काटेकोर चाचणी इथल्याच डॉ. अरविंद चोप्रा यांच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसच्या पुढाकाराने झाली. गुडघ्याच्या झिजेचे 440 रुग्ण, 24 आठवडे, सुंठ-गुळवेल-आवळा-शल्लकी यांच्या योगांची ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या प्रचलित औषधांशी तुलना, आणि डॉक्टर-रुग्ण दोघांनाही कोण काय घेतंय हे माहीत नाही. 2013 साली ती प्रसिद्ध झाली आणि वेदना व हालचाल या बाबतीत आयुर्वेदीय योग तुल्य ठरले. त्याच चाचणीत काही रुग्णांचं एसजीपीटी (यकृताला त्रास झाला की रक्तात वाढणारा घटक) वाढलेलंही दिसलं आणि ते तसंच छापलं गेलं. गुण आणि दोष एकाच कागदावर मांडणं मला त्या कामातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

तुमच्या प्रबंधात एवढं बसणार नाही, पण आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयाबरोबर छोटी प्राथमिक चाचणी बसू शकते. निर्गुडी तेल विरुद्ध रिकामं तेल, दोन्हींना वास सारखा यावा म्हणून एखादं तटस्थ सुगंधी द्रव्य, चोळण्याची वेळ ठरलेली. वेदना 100 मिलिमीटरच्या रेषेवर आणि गुडघ्याच्या दुखण्यासाठी आणि हालचालींसाठी वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूओएमएसी प्रश्नावलीवर मोजा. तिची भारतीय राहणीला जुळवलेली आवृत्ती पुण्यातच तयार झाली आहे, उकिडवं बसण्यासारख्या आपल्या रोजच्या हालचालींचा विचार करून. त्रास असह्य झाला तर पॅरासिटामॉल घ्यायची मुभा ठेवा आणि गोळ्या मोजा. कोणत्या गटाने किती कमी गोळ्या घेतल्या हा आकडा कित्येकदा प्रश्नावलीपेक्षा स्पष्ट बोलतो. मानवी नैतिक समितीची मंजुरी आणि सीटीआरआयवरची (माणसांवरच्या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतली) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी. गुडघेदुखी मुळातच वरखाली होते आणि माणूस डॉक्टरकडे येतो तो सगळ्यात जास्त दुखत असताना, त्यामुळे काहीही न करता पुढच्या भेटीत आकडा उतरतो. नियंत्रण गटाशिवाय केलेल्या चाचणीत हा उतार औषधाच्या नावावर जमा होतो.

आजीबद्दल एवढंच: तिला पाला बांधू द्या, फक्त जखमेवर किंवा पुरळ आलेल्या त्वचेवर नको. गुडघा अचानक लाल, गरम होऊन ताप आला, किंवा बोटांचे छोटे सांधे सकाळी तासभर आखडत असतील, तर पाला बांधत बसू नका, संधिवाततज्ज्ञांकडे न्या. बाजारातल्या "आयुर्वेदिक" म्हणून खपणाऱ्या बिननावाच्या दुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत. दोन दिवसांत जादू झाली तर शंका घ्या. आणि प्रबंधात ही पद्धत कुणाकडून कळली ते आजीची परवानगी घेऊन लिहा.

दोन महिन्यांत होणार नाही. वनस्पतीची ओळख, तेल आणि एचपीटीएलसी यांनाच महिना-दीड महिना लागेल. आयएईसीची बैठक रोज होत नाही, म्हणून अर्ज आजच लिहायला घ्या आणि त्यात कानाची, कॅराजीननची आणि फॉर्मॅलिनची चाचणी, तिन्ही एकदमच मागा. मंजुरी येईपर्यंत तेलाचे तीन घाणे वेगवेगळ्या दिवशी काढा आणि तिन्हींची एचपीटीएलसी जुळते का ते पाहा. जुळत नसेल तर प्राणी मागवू नका, आधी पाक सुधारा. सहा महिने हाताशी असतील तर प्राण्यांचं सगळं काम नीट होईल. चारच असतील तर फॉर्मॅलिन सोडा, पण रिकामं तेल सोडू नका.